काकड्यांना आधार

माझ्या भावाला लटकणारी वस्तू बघवत नाही. भिंतीवरचं घड्याळ असो, दोरीवरचा ओला टॉवेल असो, नाहीतर माझ्या खांद्यावरची पिशवी असो, तो आधी वर बघणार, ती कशाला अडकवली आहे ते तपासणार आणि मगच तुमच्याशी बोलणार. जन्म गेला त्याचा लिफ्ट दुरुस्त करण्यात. दवाखान्याची लिफ्ट, बँकेची लिफ्ट, मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट. माणसांनी भरलेली खोली तारेवर टांगलेली असते आणि ती तार धड आहे की नाही हे बघायचं काम याचं. मग डोळ्याला सवय लागते. आता निवृत्त झाला तरी लोक त्याला लिफ्टवालाच म्हणतात. मी त्याची थोरली बहीण. कपडे शिवते. ताईची कात्री कमी चालते आणि जीभ जास्त, असं तो म्हणतो. म्हणू दे. घरात एकानं तरी बोलायला नको का?

तशी बोलायला वहिनी होती. ती दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला होती. वॉर्डावॉर्डांतून वापरलेल्या चादरी गोळा करायच्या, त्यांची गाठोडी बांधायची आणि खाली पाठवायची. एकदा लिफ्ट मध्येच अडकली. आत वहिनी आणि तिची गाठोडी, बाहेर हा पाना घेऊन. दार उघडेपर्यंत ती आतून बोलत राहिली आणि हा बाहेरून ‘हं, हं’ करत राहिला. पुढे लग्न झालं, पण तो क्रम काही बदलला नाही. ती बोलायची, हा हं म्हणायचा. माझ्या मते सुखाचा संसार होता.

त्या गाठोड्यांपायी वहिनीच्या हाताला गाठ मारायची एक भलतीच सवय लागली होती. दोन वेढे, वरून एक उलटा, आणि मग दात लावून ओढायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात याचा डबा बसमध्ये सांडला, पिशवीतली सगळी हत्यारं रश्श्यात न्हाली. तेव्हापासून वहिनी याचा डबा फडक्यात बांधून द्यायला लागली, आणि तोही त्या गाठोड्याच्या गाठीनं. दुपारी जेवायच्या वेळेला हा ती गाठ सोडवत बसायचा. नखांनी व्हायचं नाही, मग स्क्रू ड्रायव्हर घालायचा. बरोबरची माणसं हसून हसून बेजार. संध्याकाळी घरी आला की पहिलं वाक्य तेच. “डबा बांधतेस की तिजोरी? गाठ कशी पाहिजे, एक टोक ओढलं की सुटली पाहिजे.” वहिनी म्हणायची, “अहो, सांडला का कधी परत? मग झालं तर.” निवृत्त होईपर्यंत हे भांडण रोज चाललं. आमची घरं भिंतीला भिंत लागून, माझ्या कानांना पाठ झालं होतं ते.

आता मळ्याचं सांगते. रेल्वेच्या रुळांपलीकडे नगरपालिकेची एक मोठी मोकळी जागा आहे. तिचे तुकडे पाडून लोकांना भाजीपाला लावायला दिलेत. प्रत्येकाचा एक तुकडा, एक पत्र्याची शेड, मध्ये पायवाट, दोन तुकड्यांत मिळून एक नळ. सगळे मिळून त्याला मळा म्हणतात. वहिनीचा तुकडा कोपऱ्यातला. एक अंजिराचं झाड, टोमॅटो, घेवडा, कडेला स्ट्रॉबेरी आणि तारेवर चढवलेल्या काकड्या. भाऊ कधी आत गेला नाही. फाटकापर्यंत तिला सोडायचा आणि मागे फिरायचा. चिखल त्याच्या बुटांना मानवत नाही. मी मात्र जायचे, दर सुट्टीला. शेडच्या सावलीत बसून तिच्याशी गप्पा मारायचे आणि जाताना पिशवी भरून आणायचे.

वहिनीचा सगळा जीव त्या काकडीत. तिच्या आईकडची ती काकडी. आखूड, जाड, फिकट रंगाची आणि देठाशी जराशी कडू. माहेरचं घर विकलं, भांडीकुंडी भावांनी वाटून घेतली, हिच्या वाट्याला हे बी आलं. दरवर्षी लावायची, दरवर्षी त्यातलंच बी धरायची. मळ्यात सगळ्यांना वाटूनही झालं होतं, पण लोकांना नर्सरीची रोपं सोपी पडतात आणि फळंही जास्त येतात, त्यामुळे एकेकानं सोडून दिलं. शेवटी उरलं ते हिच्याकडेच. त्यातही गेल्या वर्षी दमट हवेनं बरणीतल्या बियांना बुरशी आली, आणि या वर्षी मोजक्याच धडक्या बिया हातात राहिल्या होत्या. त्या सगळ्या तिनं लावल्या. आणि आजारी पडली.

ती अंथरुणात असताना ऊन तापलं आणि रोपं जळाली. शेजारच्या तुकड्यावर एक बस ड्रायव्हर आहे, निवृत्त, दिवसभर रेडिओ लावून बसतो. मनानं चांगला. त्यानं वहिनीला वाईट वाटू नये म्हणून रिकाम्या जागांत नर्सरीची रोपं लावून टाकली. वहिनीला थोडं बरं वाटलं तशी ती कुणालाही न सांगता एकटीच रिक्षा करून मळ्यात गेली. आम्ही सगळे तिला ओरडलो. ती म्हणाली, माझं एक रोप जगलंय, त्याला फळ धरलंय, मी खूण करून आले. तेवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली होती.

नंतर दवाखाना. तोच, जिथं ती काम करायची. मी पायाशी बसले होते, भाऊ डोक्याशी. ती त्याला म्हणाली, “बाकी काही नाही, काकडीचं बी तेवढं धरा हं.” तो म्हणाला, “हो.” आणि त्याच दुपारी ती गेली.

मी ढसाढसा रडले. भाऊ रडला नाही. त्यानं तिच्या अंगावरची चादर सरळ केली, तिच्या चपला पिशवीत घातल्या, पाण्याची बाटली रिकामी करून बरोबर घेतली. भेटायला आलेल्यांना बसायला खुर्च्या दिल्या. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीराचा कसला? मला त्याचा राग आला होता, खरं सांगते. वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. पण हलवून काय बाहेर पडणार होतं? आत काही हलतच नव्हतं. तो सकाळी उठायचा, दाढी करायचा, खुर्चीत बसायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या खिळ्याकडे बघायचा.

मग एक दिवस आपणहून मळ्यात जायला लागला. मला हायसं वाटलं. म्हटलं, बी धरायचं आहे हे लक्षात आहे त्याच्या. त्या उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मला दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. तो रोज सकाळी माझ्या दाराशी यायचा, मी डबा द्यायची, तो घेऊन जायचा.

“कसं चाललंय मळ्यात?”

“चाललंय.”

“काकडी कशी आहे?”

“आहे.”

यापुढे बोलणं जायचं नाही. एकदा मी भाजीत मीठ घालायलाच विसरले. जेवायला बसले तेव्हा कळलं आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “अरे, काल भाजी कशी होती?” म्हणाला, “होती की.” डबा चाटूनपुसून रिकामा. मी मुद्दाम पुढच्या डब्यातही मीठ घातलं नाही. तोही रिकामा. मग मात्र मला भीती वाटली. तोंडाची चवसुद्धा गेलेल्या माणसाला काय सांगायचं आणि कसं सांगायचं?

उन्हाळा सरत आला तसा माझ्याकडे फुटपट्टी आला. मळ्याच्या समितीचा अध्यक्ष. पायवाटेची रुंदी मोजत फिरतो म्हणून सगळे त्याला फुटपट्टी म्हणतात, आणि हे त्याला माहीत आहे. उन्हाळ्याच्या शेवटी तो सगळे तुकडे पाहून जातो. वेलींवर फळं सडत ठेवायची नाहीत, उंदीर येतात, हा त्याचा नियम. बियाण्याचं फळ तेवढं ठेवायला परवानगी. तो आला, माझ्या शिलाई मशीनजवळ उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन चुळबुळ करायला लागला.

“ताई, उद्या पाहणी आहे. तुमच्या भावानं एकसुद्धा काकडी तोडलेली नाही. सगळ्या पिवळ्या झाल्यात. मला त्याच्याशी बोलायला जड जातं. तुम्ही बघता का?”

“एकसुद्धा नाही?”

“सगळ्यांनाच खूण आहे ना. मग कोण हात लावणार?”

मला काही कळेना. मी गुडघ्याला पट्टा बांधला, काठी घेतली आणि त्याच्याच गाडीतून मळ्यात गेले. मला फाटकाशी उतरवून तो निघून गेला.

फाटकातून आत शिरले आणि दुरूनच वहिनीची शेड दिसली. ओळखू येईना. पत्रा नवा, त्याला हिरवा रंग. दार पूर्वी कण्हत उघडायचं, ते आता बोट लावलं की उघडत होतं. नळाचं ठिबकणं बंद. वाफ्यांच्या कडेच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवलेल्या, त्याही पाणसळ लावून, अगदी एका पातळीत. पायवाटेवर बारीक खडी, आणि तीही अशी पसरलेली की फुटपट्टीला मोजायला काही राहू नये. अंजिराची एक फांदी खाली झुकली होती, तिला लोखंडी टेकू. मी मनात म्हटलं, शाब्बास रे. आणि मग वाफ्यांत बघितलं. टोमॅटो फुटून जमिनीवर पडले होते. घेवड्याच्या शेंगा वाळून खुळखुळत होत्या. स्ट्रॉबेरीतलं गवत स्ट्रॉबेरीपेक्षा उंच, आणि त्या गवतालासुद्धा नेमानं पाणी घातलेलं. स्क्रू असलेल्या प्रत्येक गोष्टीची निगा राखली होती आणि मुळं असलेली प्रत्येक गोष्ट देवाच्या हवाली होती.

आणि काकड्या. अरे देवा, त्या काकड्या. तारांवर वेलींचं नुसतं जंगल झालं होतं, आणि त्यात प्रत्येक काकडीच्या देठाला कापडाची एकेक पट्टी बांधलेली. निळ्या फुलांच्या कापडाची. वाऱ्यावर सगळ्या पट्ट्या हलत होत्या. ते कापड मी ओळखलं. न ओळखून कसं चालेल, वहिनीचा मळ्यात घालायचा गाऊन होता तो, मीच शिवला होता. मोठे खिसे पाहिजेत म्हणाली होती.

भाऊ शेडच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला, आतून स्टूल आणलं, ते हलतंय का ते हातानं दाबून पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“हे काय रे?” मी काठीनं काकड्या दाखवल्या.

“आधार.”

“कसला आधार?”

“वजन वाढत होतं. देठ बारीक आहे. तुटलं असतं. म्हणून तारेला बांधून घेतल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्याच लटकत होत्या.”

“आणि कापड?”

“आत खिळ्याला होतं. तिनंच खालून एक पट्टी फाडलेली होती. म्हटलं, बांधायचंच कापड असणार. मग बाकीचं मी फाडलं.”

मी स्टुलावर बसले. मळ्यात गेलेल्या कुणालाही विचारा, सांगेल. फळाला चिंधी बांधली की ते बियाण्याचं. त्याला हात लावायचा नाही, तोडायचं नाही, पिकून पिवळं होऊ द्यायचं. वहिनीनं जी खूण केली म्हणाली होती ती हीच. गाऊनच्या खालून एक पट्टी फाडली होती आणि जगलेल्या तिच्या त्या एका वेलीवरच्या फळाला बांधली होती. एका फळाला. आणि यानं उरलेला गाऊन फाडून मळाभर तीच खूण केली होती.

मी त्याला ते सांगितलं. सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही, मला जमतही नाही. तेवढ्यात शेजारचा ड्रायव्हर रेडिओ बंद करून कुंपणाशी आला.

“आम्हाला वाटलं, लिफ्टवाले सगळ्याचंच बी धरतायत,” तो म्हणाला. “वहिनींची आठवण म्हणून. म्हटलं, धरू दे बिचाऱ्याला.”

“सगळ्याचं बी धरून काय दुकान काढणार होता का तो?” माझा पारा चढला. “उन्हाळाभर इथं बसलात, एक शब्द बोलवला नाही तुमच्याच्यानं? तोंडं शिवली होती का? मला कळवलं असतं, मी येऊन उसवली असती!”

ड्रायव्हर खाली मान घालून उभा राहिला. त्याचं तरी काय चुकलं? दुःखातल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. सगळे जपून लांबून जातात.

भाऊ तारेसमोर उभा होता. पट्ट्यांकडे बघत. मग माझ्याकडे वळला.

“मग तिची कुठली?” त्यानं विचारलं.

वहिनी गेल्यापासून त्यानं कुणालाही विचारलेला तो पहिला प्रश्न. मी काठीनं वेली बाजूला सारून बघितलं. पानं सारखी. वेली एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की कुठली कुठून निघते ते कळेना. पिवळ्या पडून फुगल्यावर नर्सरीच्या काकड्याही तशाच आखूड, जाड दिसत होत्या. ड्रायव्हरनं आपण लावलेली रोपं आठवून पाहिली. “ही बहुतेक माझी,” म्हणाला, मग म्हणाला, “नाही, ती असेल.” एक वेल धरून तो मुळाशी जायला लागला तर ती वाळकी काडी त्याच्या हातात तुटून आली. त्यानं ती गुपचूप खाली ठेवली. नर्सरीच्या काकडीचं बी धरून काही उपयोग नसतो, पुढच्या वर्षी भलतंच उगवतं. धरायचं तर ते एकच फळ.

“तू तिला हो म्हणालास रे,” माझ्या तोंडून गेलं. “मी तिथं होते. बी धरा म्हणाली, तू हो म्हणालास.”

“हो म्हणालो,” तो म्हणाला. “बी धरायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. ती दमली होती. म्हटलं, संध्याकाळी विचारू.”

त्याच्या आवाजात काही नव्हतं. दुरुस्तीचा हिशेब सांगावा तसं सांगितलं त्यानं. मला वाटलं आपण आता रडू, पण माझ्यातही काही शिल्लक नव्हतं. डोक्यावर ऊन आलं होतं. शेवटी भाऊच म्हणाला, उद्या पाहणी आहे, काढायच्या तर सगळ्याच आहेत. त्यानं टोपली आणली आणि वरच्या तारेपासून सुरुवात केली.

त्याच्या गाठी त्याच्यासारख्याच. सगळ्या एका मापाच्या, टोक डाव्या बाजूला. टोक ओढलं की गाठ सुटायची, पट्टी हातात यायची, काकडी तळव्यावर. पट्टी खिशात, काकडी मला. मी ती उलटीसुलटी करून बघायची, जणू तिच्यावर नाव लिहिलेलं असणार, आणि टोपलीत ठेवायची. ओढ, सुटली, ठेव. ओढ, सुटली, ठेव. वरची तार झाली, मधली झाली. टोपली भरली तशी ड्रायव्हरनं दुसरी आणली. मी मनाशी म्हणत होते की गेलं, वहिनीच्या आईची काकडी गेली. आणि मला तेवढं वाईटही वाटत नव्हतं, याचीच लाज वाटत होती. माणूसच गेलं, तिथं काकडीचं काय घेऊन बसायचं?

खालच्या तारेशी तो गुडघ्यांवर बसला. पानांच्या आत हात घालून चाचपडत काढत होता. मी पुढच्या काकडीसाठी हात पुढे धरला. काकडी आली नाही. मी तसाच हात धरून राहिले.

“काय झालं?”

“सुटत नाही,” तो म्हणाला.

“कात्री देऊ? आहे पिशवीत.”

“थांब.” त्यानं पुन्हा ओढलं. मग पानं बाजूला केली. आत, जमिनीला टेकलेली, एक काकडी होती. आखूड, जाड, पिवळी जर्द. देठाला तीच निळ्या फुलांची पट्टी, पण जुनी, उन्हानं विटलेली, आणि तिचं टोक डाव्या बाजूला नव्हतं. टोकच सापडत नव्हतं. नुसता घट्ट गोळा. त्यानं त्यावर नख लावलं. नख घसरलं. दुसरं लावलं.

“सुटत नाही, ताई,” तो परत म्हणाला, आणि या वेळी आवाज निराळा होता. “ही आधीच बांधलेली दिसली होती मला. म्हटलं, आपणच बांधली असेल.”

मीही ओळखली ती गाठ. दोन वेढे, वरून एक उलटा.

“किती वेळा सांगितलं हिला,” तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, पलीकडच्या तुकड्यांवरच्या लोकांनी माना वर केल्या एवढ्या मोठ्यानं. “किती वेळा सांगितलं, एवढी घट्ट मारत जाऊ नकोस! माणसाला सोडवता येते का ही? अगं, सोडवायची कशी ही? कशी सोडवायची?”

आणि रडला. वाफ्यात, चिखलात, त्या काकडीवर वाकून. तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलासारखा, नाक गळेपर्यंत. मी गुडघा वाकवून खाली बसू शकत नव्हते, म्हणून उभ्यानंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मीही रडले. ड्रायव्हर आपल्या शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

गाठीला कात्री त्यानं लावू दिली नाही. गाठीच्या वर चार बोटं वेल ठेवून तिथं कापली आणि काकडी देठासकट, पट्टीसकट मांडीवर घेऊन बसमधून घरी आणली. कंडक्टरनं विचारलं, काय एवढं? भाऊ म्हणाला, बी आहे. पाहणीला फुटपट्टी आला, पायवाटेकडे बघून मान डोलावली आणि पुढे गेला. काकडी आणखी थोडे दिवस खिडकीत पिकू दिली. मग मी सांगत गेले आणि त्यानं केलं. उभी चिरली, चमच्यानं गर काढला, पाण्यात ठेवला, बुळबुळीतपणा गेला तसं धुतलं आणि बिया ताटलीत पसरून सावलीत वाळवल्या. भरपूर निघाल्या, चांगल्या टपोऱ्या. वाळताना त्यानं त्या एकेक करून उलटल्या. देठ तसाच खिडकीत पडून होता. तो सुकून बारीक झाला आणि एके दिवशी गाठीतून आपोआप निसटून खाली पडला. गाठ तशीच राहिली, न सुटलेली. ती त्यानं उचलून हत्यारांच्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा न्यायला आला. स्ट्रॉबेरीतलं गवत काढायचं आहे म्हणाला.

“कालच्या भाजीत मीठ जास्त होतं,” तो बुटांची नाडी बांधता बांधता म्हणाला.

“मेल्या, उन्हाळाभर बिनमिठाचं गिळलंस तेव्हा नाही कळलं?” मी म्हटलं. इतकं बरं वाटलं मला की आणखी दोन शिव्या द्याव्याशा वाटल्या.

डबा मी रोजच्यासारखा फडक्यात बांधून ठेवला होता. साधी सैल गाठ, त्याला आवडते तशी, टोक ओढलं की सुटणारी. त्यानं डबा उचलला. गाठीकडे बघितलं. आणि परत टेबलावर ठेवला.

“ताई, जरा घट्ट मार ना.”

मी फडकं सोडलं. दोन वेढे दिले, वरून एक उलटा घेतला आणि दात लावून ओढलं.